कारखान्यातून विद्यापीठाकडे

शिक्षण संपवून कारखान्यात जाणे हा मार्ग आपल्या ओळखीचा आहे. मुलगा किंवा मुलगी शिकली, इंजिनियर झाली, नोकरीस लागली, की घरातील वडील माणसे कृतार्थ होतात. परंतु दहा-पंधरा वर्षे यंत्रांच्या सहवासात घालविलेला इंजिनियर पुन्हा विद्यापीठाची पायरी चढतो, आणि तीही शिक्षक म्हणून, तेव्हा आप्तेष्टांना त्याचे नवल वाटते. कोणी म्हणतो, त्याला कारखाना झेपला नाही. कोणी म्हणतो, त्याला विसावा हवा असेल. चांगला पगार सोडून खडू हाती घेणाऱ्याविषयी आपल्या समाजात थोडी कीव आणि थोडा संशय असतो. आज या उलट्या प्रवासाविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत. त्यातून विद्यार्थ्याला काय लाभते, इंजिनियरला काय सोडावे लागते, आणि पैनगंगेकाठच्या बेल्यासारख्या गावातील मुलामुलींचा या गोष्टीशी काय संबंध आहे, एवढेच पाहू.

बेल्याचे नाव मुद्दाम घेतले. आदिलाबाद जिल्ह्यातील हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षी किनवट आणि राजुरा हे या जिल्ह्याचे भाग वेगळे झाले आणि पुढे महाराष्ट्रात आले. बेला आधी आंध्र प्रदेशात राहिले आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. राज्यांची नावे बदलली, पण घरातली मराठी बदलली नाही. नदीच्या पलीकडे विदर्भ, अलीकडे बेला. जमीन तीच काळी, पीक तेच कापसाचे. येथील पुष्कळ मुले घरी मराठी बोलतात, काही घरांत गोंडी किंवा कोलामी चालते, कचेरीत तेलुगू लागते आणि अभियांत्रिकीचे पुस्तक उघडावे तर ते इंग्रजीत असते. अशा मुलाला यंत्रशास्त्र शिकवावयाचे म्हणजे तीन भाषांचे तीन उंबरठे ओलांडून त्याच्यापर्यंत पोहोचावयाचे असते.

आता त्या मुलाच्या नित्य पाहण्यातले एक यंत्र घेऊ. कापूस पिकविणाऱ्या प्रत्येक घराला जिनिंग फॅक्टरी ठाऊक असते. बैलगाडी, ट्रॅक्टर किंवा टेम्पो तेथे उभा राहतो, कापूस तोलला जातो, आणि वर्षाच्या कष्टाचे मोल तेथे ठरते. आत जे डबल रोलर जिन चालते, त्यात चामड्याचे दोन लांब रोलर असतात. त्यांवर तिरप्या खाचा पाडलेल्या असतात. रोलरला दाबून एक स्थिर सुरी बसविलेली असते आणि दुसरी सुरी वरखाली हलत असते. चामडे कापसाचे तंतू पकडून ओढून नेते, स्थिर सुरी सरकीला अडविते आणि हलती सुरी तिला ठोकून खाली पाडते. एक क्विंटल कापसातून साधारणपणे ३३ ते ३४ किलो रुई निघते. १७० किलोंची एक गाठ बांधावयाची, तर सुमारे ५ क्विंटल कापूस लागतो.

यात शास्त्र कोठे आले? पाठ्यपुस्तक उघडले, तर घर्षण हे बहुधा शक्ती खाणारे, भाग झिजविणारे, तेल घालून शमवावयाचे असे एक संकट म्हणून भेटते. जिनमध्ये मात्र घर्षण हाच मजूर आहे. चामडे आणि तंतू यांच्यामधील घर्षण पोलाद आणि तंतू यांच्यामधील घर्षणाहून अधिक असते, म्हणूनच तंतू सुरीपाशी न थांबता चामड्याबरोबर पुढे जातात. रोलरच्या खाचा झिजून तो गुळगुळीत झाला, की यंत्र पूर्वीसारखेच फिरते, आवाजही तसाच येतो, पण रुई कमी उतरते. मग खाचा नव्याने पाडाव्या लागतात. दाब फार वाढविला तर रोलर तापतो, चामडे लवकर झिजते आणि त्याची भुकटी रुईत मिसळते. हे सारे ज्याने हात लावून अनुभवले आहे, तो शिक्षक घर्षणाचा धडा फळ्यावरील ठोकळ्याच्या आकृतीने आरंभ करणार नाही. तो विचारील, "तुमच्या गावच्या जिनमध्ये रोलर कधी बदलतात, आणि का?" या प्रश्नाला बेल्याचे मूल घरच्या भाषेत उत्तर देऊ शकते. ज्या वस्तूला आपण हात लावला आहे, ती वस्तू हीच एक भाषा असते, आणि तिला भाषांतर लागत नाही.

दुसरे उदाहरण राज्याच्या सीमेपलीकडचे घेऊ. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरच्या परिसरात चुनखडीचे थर आहेत, म्हणून तेथे सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. सिमेंटची भट्टी म्हणजे किंचित उतार देऊन आडवी ठेवलेली, आतून विटांचे अस्तर असलेली पोलादी नळी. ती अहोरात्र सावकाश फिरत असते आणि आतील माल सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. समजा, एका रात्री वीज गेली. नवखा इंजिनियर उत्पादनाची चिंता करील. अनुभवी इंजिनियर प्रथम एकच गोष्ट पाहील: सहायक यंत्र लावून भट्टी थोडीथोडी फिरत ठेवली आहे किंवा नाही. कारण ती तप्त नळी एकाच स्थितीत उभी राहिली, तर स्वतःच्या भाराने वाकते, आणि एकदा वाकलेली भट्टी पुन्हा सरळ करणे फार कठीण. तुळईच्या वाकण्याचे जे समीकरण विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतो, ते त्या रात्री कारखान्याच्या फाटकातून आत आलेले असते. ही रात्र ज्याने काढली आहे, त्याच्या तोंडून तेच समीकरण ऐकणे हा वेगळा अनुभव होय.

तुळईचा उल्लेख आला, तेव्हा ज्यांचे नाव अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आजही तुळईमुळेच ठाऊक असते, त्या स्टीफन टिमोशेंको यांची हकीगत सांगितली पाहिजे. १८७८ साली आजच्या युक्रेनमध्ये त्यांचा जन्म झाला. ते कीव्ह येथील तंत्रसंस्थेत प्राध्यापक होते. १९११ मध्ये सरकारने त्यांना पदावरून दूर केले. क्रांतीनंतर देश सुटला, काही काळ झाग्रेबला अध्यापन केले, आणि १९२२ मध्ये चाळिशी उलटून गेल्यावर ते अमेरिकेत पोहोचले. तेथे त्यांना प्रथम विद्यापीठाने नव्हे, तर कारखान्याने आश्रय दिला. १९२३ पासून ते वेस्टिंगहाउस या विद्युत् यंत्रे बनविणाऱ्या कंपनीत काम करू लागले. फिरणाऱ्या अवजड यंत्रांची कंपने, आसांची मोडतोड, धातूंवर येणारे ताण असे प्रश्न त्यांच्यापुढे रोज येत. सभोवतालच्या तरुण इंजिनियरांचा बलशास्त्राचा पाया कच्चा आहे, हे त्यांच्या ध्यानी आले आणि त्यांनी कारखान्यातच त्यांना शिकविण्यास आरंभ केला. या अध्यापनातून, लेसेल्स या सहकाऱ्याच्या साहाय्याने, १९२५ मध्ये एक पुस्तक निघाले. १९२७ मध्ये ते मिशिगन विद्यापीठात गेले, १९३६ मध्ये स्टॅनफर्डला. कंपनांवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९२८ मध्ये आला, पदार्थांच्या बलावरील १९३० मध्ये. आपल्याकडील अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्या या ग्रंथांवर पोसल्या गेल्या.

ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की टिमोशेंको यांच्या बाबतीत कारखाना आणि विद्यापीठ यांच्यामधली भिंत कधी पक्की झालीच नाही. त्यांनी कारखान्यात वर्ग उघडला आणि वर्गात कारखान्याचे प्रश्न आणले. त्यांच्या हाताखाली वेस्टिंगहाउसमध्ये काम केलेले डेन हार्टोग हेही पुढे हार्वर्ड आणि मॅसॅच्युसेट्स येथील संस्थांत नामांकित शिक्षक झाले. एका कारखान्याच्या छपराखाली दोन थोर शिक्षक घडले, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. जेथे अडलेल्या यंत्राचे कारण शोधल्यावाचून गत्यंतर नसते, तेथे "असे का झाले?" हा प्रश्न विचारण्याची सवय जडते, आणि शिक्षकाच्या अंगी जडावी अशी याहून चांगली सवय दुसरी नाही.

आता दूरच्या देशातून परत आदिलाबादकडे वळू. गोदावरीच्या तीरावर बासर हे सरस्वतीचे क्षेत्र आहे. अक्षरओळखीचा संस्कार करण्यासाठी लोक दुरून मुले घेऊन तेथे येतात. २०१६ मध्ये जिल्ह्यांची पुनर्रचना होईपर्यंत बासर आदिलाबाद जिल्ह्यातच होते. आज ते निर्मल जिल्ह्यात मोडते. याच बासरला २००८ मध्ये ग्रामीण मुलांसाठी एका तंत्रविद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. राजीव गांधी यांच्या नावाच्या या विद्यापीठाचे पहिले कुलपती झाले राज रेड्डी.

राज रेड्डी यांचा मार्ग आपल्या विषयाला अगदी जवळचा आहे. १९३७ मध्ये चित्तूर जिल्ह्यातील कट्टूर या खेड्यात, शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घराण्यातून महाविद्यालयापर्यंत पोहोचलेले ते पहिलेच. १९५८ मध्ये मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून ते स्थापत्य अभियंता झाले. नंतर ऑस्ट्रेलियात पुढील पदवी घेऊन १९६० ते १९६३ या काळात त्यांनी आय.बी.एम. कंपनीत नोकरी केली. पुढे ते स्टॅनफर्डला पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले, १९६६ मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि तेथेच अध्यापक झाले. १९६९ मध्ये ते कार्नेगी मेलन विद्यापीठात गेले. मनुष्याचे बोलणे यंत्राला कसे समजावे, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. १९९४ मध्ये संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्यांना फायगेनबाउम यांच्यासमवेत मिळाला.

पण आपल्या दृष्टीने त्या पुरस्काराहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली ही, की कारखान्यातून किंवा कंपनीतून आलेला हा माणूस थेट व्यासपीठावर चढला नाही. तो आधी बाकावर जाऊन बसला. दुसरी ही, की ज्या विद्यापीठाचे ते कुलपती झाले, त्याने दहावीनंतर सहा वर्षांचा सलग अभ्यासक्रम आखला आणि दहावीच्या गुणांवर प्रवेश देताना सरकारी शाळेतील मुलांच्या पदरात थोडे अधिक गुण घातले. शिकवणीवर्गाची पायरी न चढलेल्या मुलालाही दार उघडे राहावे, हा त्यामागील हेतू. खेड्यातून निघून उद्योगात, उद्योगातून विद्यापीठात आणि तेथून पुन्हा खेड्यातील मुलाकडे असे हे वर्तुळ आहे.

परंतु दार उघडले म्हणजे घर भरले असे होत नाही. २०२२ च्या जून महिन्यात बासरच्या विद्यार्थ्यांनी उन्हापावसाची पर्वा न करता सुमारे आठवडाभर शांततेने धरणे धरले. त्यांच्या मागण्यांत पूर्णवेळ कुलगुरू हवा आणि पुरेसे शिक्षक हवेत, या मागण्या होत्या. श्रोतेहो, विद्यार्थी सुट्टीसाठी किंवा परीक्षा पुढे ढकलण्यासाठी आंदोलन करतात असे आपण सहज म्हणून टाकतो. येथे शेतकऱ्यांची आणि मजुरांची मुले "आम्हांस शिकवावयास माणसे द्या" म्हणून बसली होती. शिक्षक कोठून आणावयाचे, हा प्रश्न म्हणूनच केवळ विद्वानांच्या चर्चेचा नाही.

एके काळी आपल्याकडेही कारखाना आणि वर्ग यांच्यात फारसे अंतर नव्हते. मुंबईची व्हिक्टोरिया जुबिली तंत्रसंस्था १८८७ मध्ये निघाली, ती मुंबईच्या गिरण्यांना जाणती माणसे मिळावीत म्हणून. त्याच संस्थेत लक्ष्मणराव किर्लोस्कर शिक्षक होते. त्यांचा प्रवास नेमका उलट्या दिशेचा. ते संस्था सोडून बेळगावला आले, सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून लोखंडी नांगरापर्यंत पोहोचले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडाने जमीन नासते, असा त्या वेळी शेतकऱ्यांचा समज होता. तो दूर करण्यासाठी लक्ष्मणरावांना शेतकऱ्याला समजावून सांगावे लागले, म्हणजे शिकवावेच लागले. वर्गातील शिक्षक कारखानदार झाला, तरी त्याच्यातील शिक्षक कामास आला. तसाच कारखान्यातील इंजिनियर शिक्षक झाला, तर त्याच्यातील कारागीर कामास यावा, एवढेच आपले म्हणणे आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कारखान्यात केस पांढरे झाले म्हणजे शिकविता येतेच असे नाही. किंबहुना कारखान्याच्या काही सवयी वर्गात घातक ठरतात. कारखान्यात "चालते आहे ना, मग हात लावू नका" हा शहाणपणा असतो. वर्गात तो आळस ठरतो. कारखान्यात वेळ वाचविणे हे पुण्य, तर वर्गात मंद विद्यार्थ्यासाठी वेळ घालविणे हे पुण्य. कारखान्यात युक्ती गुपित ठेवण्यात हित असते, शिक्षकाने ती उघडी करावयाची असते. आणि अनुभवाच्या गोष्टी सांगत राहणे म्हणजे शिकविणे नव्हे. तासभर आठवणी ऐकून विद्यार्थी हसतखेळत बाहेर पडतो, पण गणित त्याला सुटत नाही. म्हणून उद्योगातून येणाऱ्याने प्रथम आपल्याच ज्ञानाची झडती घेतली पाहिजे. जे आपण सवयीने करीत होतो, त्याचे कारण आपल्याला सांगता येते काय? येत नसेल, तर राज रेड्डींप्रमाणे पुन्हा बाकावर बसण्यात कमीपणा नाही.

उलट, ज्याने कारखाना पाहिलाच नाही, असा शिक्षकही अपुराच. तो नियम नीट सांगतो, पण नियम कोठे मोडतो हे त्याला ठाऊक नसते. पुस्तकातील आस सदैव सरळ असतो, पुस्तकातील कापूस सदैव कोरडा असतो आणि पुस्तकातील वीज कधी जात नाही. पदवी घेऊन बाहेर पडलेला तरुण पहिल्याच आठवड्यात ओल्या कापसापुढे आणि बंद पडलेल्या मोटारीपुढे गोंधळतो, आणि अनुभवी फिटर त्याच्याकडे पाहून गालातल्या गालात हसतो. त्या हसण्यात जो दोष दाखविला जातो, तो विद्यार्थ्याचा नसून त्याला शिकविणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

मग ही दोन अपुरी माणसे एकत्र कशी आणावयाची? सरकारी नियमांनी अलीकडे काही वाट मोकळी केली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नावाच्या पदांची योजना जाहीर केली. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचा, शक्यतो वरिष्ठ पदाचा, अनुभव असलेल्या व्यक्तीला डॉक्टरेट नसली तरी या पदावर घेता येते. अशी पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाहीत. नेमणूक आरंभी एक वर्षाची, पुढे तीन वर्षांपर्यंतची, आणि अपवाद म्हणून आणखी एका वर्षाची. योजना स्वागतार्ह आहे, परंतु तिची दृष्टी मोठ्या हुद्द्यांकडे आहे. मुंबईचा किंवा हैदराबादचा संचालक तीन वर्षांसाठी महाविद्यालयात येईल, त्याचे स्वागतही होईल. पण जिनिंग फॅक्टरीत, कागदगिरणीत, कोळशाच्या खाणीत वीस वर्षे यंत्रे जिवंत ठेवणाऱ्या आणि वरिष्ठ पदापर्यंत न पोहोचलेल्या इंजिनियरला विद्यापीठाने हाक मारावी, अशी सोय तिच्यात अपुरीच आहे. एरवीच्या कायम नोकरीसाठी पदव्युत्तर पदवी हवी, वरच्या पायऱ्यांसाठी डॉक्टरेट हवी. पस्तिशी ओलांडलेल्या, घरसंसार असलेल्या माणसाने पगार सोडून ती कशी मिळवावी?

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. कागजनगरची कागदगिरणी २०१४ मध्ये बंद पडली आणि २०१८ मध्ये नव्या मालकाच्या हाती पुन्हा सुरू झाली. मधल्या चार वर्षांत तेथील ज्ञानी हात रिकामे होते. कारखाना थांबतो, तेव्हा आपण यंत्रांची आणि जमिनीची किंमत करतो. तेथील माणसांच्या डोक्यात साठलेले ज्ञान कोणत्याच हिशेबवहीत चढत नाही, आणि ते ज्ञान गंजते तेही कोणाला दिसत नाही. अशा वेळी जवळच्या विद्यापीठाने, तंत्रनिकेतनाने किंवा आयटीआयने त्यांतील योग्य माणसे हेरून, त्यांना अध्यापनाचे रीतसर शिक्षण देऊन, अर्धवेळ का होईना, वर्गात उभे करावे. तरुण प्राध्यापकांनीही सुट्टीतील महिनाभर कारखान्यात काम करावे. तपासनीस म्हणून नव्हे, शिकाऊ म्हणून. माटुंग्याच्या रसायन-तंत्रज्ञान संस्थेने १९३३ मधील स्थापनेपासून उद्योगाशी जे नाते राखले, त्याने तिच्या विद्वत्तेला उणेपणा आला नाही. उलट तेजच चढले.

शेवटी प्रश्न उरतो तो त्या इंजिनियरचा. पगार कमी, अधिकार कमी, यंत्रांचा तो परिचित घरघराट नाही, समोर साठ अनोळखी चेहरे. त्याने का यावे? एक कारण असे, की यंत्र कितीही चांगले राखले तरी पंचवीस-तीस वर्षांत मोडीत जाते. शिकविलेला विद्यार्थी मात्र पुढे आणखी कोणाला तरी शिकवितो. बेल्याच्या एखाद्या शेतकऱ्याची मुलगी उद्या जिनच्या रोलरकडे बोट दाखवून आपल्या आईला सांगेल, की याचे चामडे गुळगुळीत झाले आहे, म्हणून रुई कमी उतरते आहे. आणि तिची आई, जिने आजवर तोलाईच्या काट्याकडे केवळ विश्वासाने पाहिले, ती आता यंत्राकडेही जाणतेपणाने पाहील. कोणा एका इंजिनियरने कारखान्याचे फाटक ओलांडून वर्गाचे दार ठोठावले म्हणून जर हे घडणार असेल, तर ते दार आतून उघडणे हे विद्यापीठांचे कर्तव्य आहे, आणि अशा माणसाकडे कीव न करता आदराने पाहणे हे आपले.